नावाचं कडवं

माझ्या आत्याचं गाणं मी इंटरनेटवर टाकलं आणि तिसऱ्या दिवशी मला कळवण्यात आलं, की ते माझ्या आत्याचं नाही. कळवणारं पत्र यंत्राने धाडलेलं होतं, पण भाषा अशी, की लिहिणाऱ्याला फार वाईट वाटत असावं. गाण्याच्या मालकाने तक्रार केल्यामुळे तुमचा व्हिडिओ दाखवणं आम्ही थांबवलं आहे. खाली मालकाचं नाव होतं. हा मालक मला माहीत होता. एसटी स्टँडकडून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचा स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. कॉलेजच्या अर्जावरचा माझा फोटो त्यानेच काढला होता, आणि "जरा हसा" म्हणून मला तीनदा बसवलं होतं.

व्हिडिओ अगदी साधा होता. आत्या पडवीत बसलीय, सुपात तांदूळ निवडतेय आणि गातेय. मध्येच कोंबडी येते, तिला ती हाताने हाकलते. गाणं थांबत नाही.

डोईवरी चिरा गो, पायाखाली सडा,
लोकांचा बंगला गो आम्ही केला खडा.

हे गाणं तिने स्वतः रचलं. लग्न होऊन ती सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावरच्या, वाडीत गेली आणि दुसऱ्याच महिन्यात चिरेखाणीवर जाऊ लागली. जांभ्या दगडाचा कापलेला चिरा डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत न्यायचा, दिवसभर. संध्याकाळी परतताना बायका रांगेने चालायच्या, आणि रांगेतली पुढची बाई एक ओळ म्हणायची, मागच्या दुसरी जोडायच्या. आत्या नेहमी पुढे असायची. पुढे याच बायकांची गायन पार्टी झाली. जयंतीला, बारशाला, बाबांच्या सभांना त्या गायच्या. पार्टीत पुरुष एकच, ढोलकी वाजवणारा. वाडीतच शिवणयंत्र चालवायचा.

बाबांच्या सभा म्हणजे काय तेही सांगते. माझे बाबा सरकारी कार्यालयात कारकून होते आणि सुटीच्या दिवशी पत्रकं लिहायचे. पाण्याबद्दल, शिष्यवृत्तीबद्दल, खाणीवर बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी का म्हणून. एका ओळखीच्या छापखान्यात ती छापली जायची. मी वाचायला शिकले ती शाळेच्या पुस्तकावर नाही, पत्रकांच्या मुद्रितांवर. प्रत्येक पत्रकाच्या तळाला त्याच दोन ओळी असत: 'वाचून झाल्यावर फाडू नये, दुसऱ्यास द्यावे. लेखकाचे नाव ठेवून कोणीही पुन्हा छापावे.' या ओळी मला पाळण्यातल्या गाण्यासारख्या पाठ आहेत.

याच बाबांनी मला मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घेऊ दिलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली कार्ड घेऊन जायच्या, दुकानदार त्यात शेकडो गाणी ओतून द्यायचा. बाबांना मी विचारलं तेव्हा त्यांनी विचारलं, ज्यांनी ती गायली त्यांना त्या दुकानदाराने विचारलंय का? मी म्हटलं, नसेल. मग ते पेपर वाचायला लागले. विषय संपला. त्यामुळे बारावीपर्यंत माझ्या मोबाइलमध्ये कंपनीने आधीच घातलेल्या दोन सुरावटी तेवढ्या होत्या आणि मैत्रिणी मला 'साध्वी' म्हणायच्या. आता त्याच घरावर चोरीचा आळ आला होता.

मी दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेले.

तो काउंटरवर होता. बाजूला त्याची आई लहानशा स्टुलावर बसून पासपोर्ट फोटो कातरीने सरळ रेषेत कापत होती. मी पत्र दाखवलं. त्याने ते वाचायचे कष्ट घेतले नाहीत. त्याला ठाऊक होतं. माझ्या शाळेच्या दिवसांत त्याने या पार्टीची सीडी काढली होती. दुकान तेव्हा नवीन होतं. बायकांना बोलावलं, गाऊन घेतलं, प्रत्येकीला एक शाल दिली आणि शाल मिळाल्याची नोंद म्हणून एका कागदावर सह्या घेतल्या. तो कागद शालीचा नव्हता, रेकॉर्डिंगचे हक्क त्याला देण्याचा होता. सीडीच्या वेष्टनावर गॉगल घातलेला त्याचाच फोटो होता आणि मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गीत: पारंपरिक'. आता तीच गाणी त्याच्या चॅनेलवर आहेत, आणि गणपतीत, पालखीत, निवडणुकीच्या रिक्षावर वाजतात.

मी म्हटलं, हे गाणं पारंपरिक असेल तर तुम्ही त्याचे मालक कसे?

"गाणं परंपरेचं, ताई. रेकॉर्डिंग माझं," तो म्हणाला. "आणि तुमच्या आत्यानं तरी काय वेगळं गायलंय? तीन कडवी, त्याच क्रमानं. माझीच सीडी ऐकून पाठ केलीत आणि मलाच विचारायला आलात."

मी तिला ते गाताना माझ्या जन्मापासून ऐकतेय, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली, ग्राहकापुढे हलवतात तशी.

"पुरावा काय? तुमचे बाबा आयुष्यभर फुकट कागद वाटत फिरले. लोकांनी त्यात भजी खाल्ली. फुकट दिलं की असंच होतं. मी निदान ती गाणी लोकांपर्यंत पोचवली."

त्याच्या आईने कातर थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटो कापायला घेतले. मी बाहेर पडले. उतारावरून बंदराकडचा वारा येत होता आणि माझे कान तापले होते. बाबांना अशा वेळी न्याय हवा असतो. मला त्या दिवशी तो आठवलासुद्धा नाही. त्याच दुकानात, त्याच काउंटरवर, त्याची मान खाली गेलेली मला बघायची होती.

त्या आठवड्यात मी तक्रारीला उत्तर कसं द्यायचं ते शोधत बसले. कॉलेजच्या ग्रंथालयातला संगणक, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आणि मी एकेक दुवा उघडतेय. कॉपीराइटबद्दल वाचता वाचता मी एका अशा ठिकाणी पोचले, जिथे गाणी ओळीने मांडून ठेवली होती आणि प्रत्येकासमोर लिहिलं होतं, उतरवून घ्या. फुकट. मला तो मेमरी कार्डवालाच वाटला, मोठ्या गावचा. मी पान बंद करणार होते. पण गाण्याखाली लहान मजकूर होता, आणि खालचा लहान मजकूर वाचल्याशिवाय मी कागद सोडत नाही, ही घरची खोड.

तिथे गाणाऱ्यानेच लिहिलं होतं, की हे गाणं माझं आहे. मी कुठल्या कंपनीचा नाही. तुम्ही ते ठेवा, वाजवा, मित्रांना द्या. माझं नाव तेवढं राहू द्या.

मी ते दोनदा वाचलं. मग दुसऱ्या गाण्याखालचं वाचलं, मग तिसऱ्या. कुणी लिहिलं होतं विकू नका, कुणी लिहिलं होतं बदलू नका, कुणी सगळंच मोकळं सोडलं होतं. पण नाव राहू द्या, हे बहुतेकांनी लिहिलं होतं. कायद्यात टिकणारी लेखी परवानगी होती ती, नुसती विनंती नव्हे. मग मी हेडफोन लावला. बर्फाच्या देशातला एक माणूस न्हाणीघरात गिटार वाजवत होता, मागे नळ ठिबकत होता. ईशान्येकडची एक मुलगी तेलाच्या डब्यावर ताल धरून आजोबांचं गाणं गात होती. एका बाईने शिलाई मशीनचा आवाजच ठेक्यासाठी वापरला होता. चांगली होती, काही अगदी भिकार होती. मी बावीस वर्षांची होते आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणाचंही काही न चोरता, माझा मोबाइल गाण्यांनी भरत होता. ग्रंथपालबाईंनी येऊन विचारलं, अभ्यास चालू आहे ना? मी हो म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

घरी बाबांना मी एक परवानगी मराठीत करून वाचून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल हातात घेऊन स्वतः वाचली आणि म्हणाले, "हे आपलंच आहे की."

मला मात्र त्यात काय दिसलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. आत्याची गाणी अशीच मोकळी सोडायची. चांगली रेकॉर्ड करायची, तिच्या नावानिशी, कुणालाही फुकट. मग त्याची सीडी, त्याचा चॅनेल, त्याचा तो शालीचा कागद, सगळं निकामी. फुकट दिलं की काय होतं, ते त्याला कळू दे.

रविवारी मी सिटी बसने आत्याकडे गेले. तिला सगळं सांगायला वेळ लागला, कारण ती मध्येच उठून वालावर पाणी मारून आली. मोकळं सोडायचं म्हणजे काय, ते तिला चटकन समजलं. गाणं दिल्याने कमी होतं, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. तिने एवढंच विचारलं, तो पण घेऊ शकेल? मी म्हटलं, हो, पण नाव ठेवून. ती हसली आणि पदराने तोंड पुसलं.

मग मी तिला त्याचं बोलणं सांगितलं. तीन कडवी, त्याच क्रमाने, पुरावा काय. आत्याचं हसू गेलं.

"तीन कुठली गो? चार हायत."

मला माहीत असलेलं गाणं तीनच कडव्यांचं होतं. मी पडवीत ऐकलं होतं, चुलीपाशी ऐकलं होतं, तिच्या मांडीवर झोपताना ऐकलं होतं. तिच्याच तोंडून. चौथं कुठून आलं?

"नावाचं," ती म्हणाली. "ता घरात म्हणत नाय. घरात कुणाला नाव सांगायचा?"

पार्टीची रीत तिने मला तेव्हा सांगितली. शेवटच्या कडव्यात गाणं रचणारीचं नाव येतं, वाडीचं येतं, आणि ढोलकीवर कोण बसलंय त्याचंही येतं. ते चार माणसं जमली असतील तरच म्हणायचं, आणि ढोलकी वाजत असेल तरच. पडवीत एकटीने नाव गाणारी बाई आढ्यताखोर. म्हणून मी ते कधीच ऐकलं नव्हतं, आणि म्हणूनच माझ्या व्हिडिओतही ते नव्हतं. मी मोठ्या ऐटीत आत्याचं गाणं जगाला दिलं होतं, आणि त्यातून आत्याचंच नाव गाळलं होतं. हे लिहितानाही मला शरम वाटते.

सीडीच्या वेळी मात्र बायका ते गायल्या होत्या. ढोलकीवाला सहा महिन्यांपूर्वीच गेला होता, ठेका यंत्रावर लावलेला होता, तरी आत्याने हट्टाने चौथं कडवं घेतलं. सीडीत ते आलं नाही. त्या जागी दुकानाची जाहिरात आली. आत्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काहीच समजत नाही.

"भाऊला जाऊन सा म्हयने झालेले. वयनीच्या दारात भांडायला जाऊ?"

वयनी कोण, हे मला क्षणभर कळेना. मग कळलं. आत्या मानाने भाऊ म्हणायची तो ढोलकीवाला म्हणजे त्या स्टुडिओवाल्याचा बाप. स्टुलावर बसून फोटो कापणारी त्याची आई म्हणजे आत्याची वयनी. म्हणजे आत्याचं नाव गाळायला त्याने जे कडवं कापलं, त्यातच त्याच्या बापाचं नाव होतं.

मला काय झालं ते खरं सांगते. मला आनंद झाला. असा आनंद की मी पडवीत उभी राहिले.

गाणं आम्ही तिथेच रेकॉर्ड केलं. पार्टीतल्या तीन बायका उरल्या होत्या, त्या आल्या. ढोलकीवर कुणी नव्हतं आणि ढोलकीशिवाय नावाचं कडवं म्हणायचं नाही, यावर अर्धा तास वाद झाला. एकीचं म्हणणं, माणूसच नाही तर नाव कुणाचं घ्यायचं? शेवटी आत्याने खाणीवरचं जुनं घमेलं आणलं, पालथं घातलं आणि त्यावर बोटांनी ठेका धरला. "हा त्याचाच ठेका हाय," ती म्हणाली. मग कुणी वाद घातला नाही. चौथ्या कडव्याला चौघींचा आवाज चढला, आणि मला तेव्हा कळलं की आधीची तीन कडवी या एका कडव्यासाठी असतात.

मी ते त्या ठिकाणी टाकलं, परदेशी गिटारवाल्यांच्या आणि डब्यावर ताल धरणाऱ्या मुलीच्या शेजारी. खालची परवानगी बाबांनी लिहून दिली: 'हे गाणे कोणीही उतरवून घ्यावे, वाजवावे, वाटावे. विकू नये. गाणारणीचे नाव वगळू नये. कडवे गाळू नये.' तीन दिवसांत मुंबईला कामाला गेलेल्या वाडीतल्या लोकांनी ते एकमेकांना पाठवलं. कुणी कळवलं, की नावाचं कडवं ऐकून बाप रडला.

पण माझं पोट भरलं नव्हतं. मी एक पत्रक लिहिलं. मथळा होता: 'बापाचे नाव कापणाऱ्यास जाहीर प्रश्न'. खाली चौथं कडवं पूर्ण, त्याखाली गाणं कुठे मिळेल ते. बाबांच्या जुन्या छापखान्यात मी ते पाचशे छापून घेतलं आणि गठ्ठा घेऊन आत्याकडे गेले. स्टँडवर वाटणार होते, स्टुडिओच्या शटरवर चिकटवणार होते. आत्याला फारसं वाचता येत नाही, म्हणून तिने मला मोठ्याने वाचायला लावलं. मथळ्यापाशीच थांबवलं.

"ह्या शटरावर लावलंस तर पयलं कोण वाचील?"

सकाळी शटर त्याची आई उघडते. मला ते माहीत होतं.

"त्याला लाज वाटाया होवी ना? मग त्याला गाणा ऐकव. मी येतंय."

मी वाद घातला. मी म्हटलं, तू तेव्हाही गप्प बसलीस आणि आताही गप्प बसायला सांगतेस, अशानेच ही माणसं मालक होतात. ती मला गप्प बसायला सांगत नव्हती, हे मला त्या वेळी दिसलं नाही. ती चप्पल घालून निघाली, आणि मी पेनड्राइव्ह घेऊन तिच्या मागे. पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होताच.

दुकानात दुपारची गर्दी होती. आधार कार्डाला प्लास्टिक लावून घ्यायला आलेले दोघे, एक लग्नाचा अल्बम बघणारं कुटुंब. आत्याला पाहून त्याची आई स्टुलावरून उठली, "बाय, तू खंय वाट चुकलीस?" म्हणाली आणि तिला आपल्या जागी बसवू लागली. तो मात्र सावध झाला. मी पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला.

"हे घ्या. फुकट आहे आणि कायदेशीर आहे. तुम्हीसुद्धा उतरवून घेऊ शकता."

त्याने आधी मला पाहिलं, मग लोकांना. लोक बघत होते. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. त्याने तो आपल्या मोठ्या स्पीकरला लावला, कदाचित आमचं घमेलं किती वाईट वाजतं ते सगळ्यांना ऐकवण्यासाठी. ते वाईटच वाजत होतं. पहिलं कडवं झालं, दुसरं, तिसरं. तिसरं संपताच त्याने हात पुढे केला. त्याच्यासाठी गाणं तिथे संपत होतं.

"थांब," आत्या म्हणाली.

चौथं सुरू झालं. आधी तिचं नाव. मग वाडीचं. मग, ढोलकीवर कोण, त्याचं, पूर्ण नाव, चौघींच्या आवाजात, घमेल्याच्या ठेक्यावर.

त्याच्या आईच्या हातात कातर होती. ती तिने काउंटरवर ठेवली. अल्बमवाल्या कुटुंबाला काय झालंय ते कळत नव्हतं, पण त्यांनीही पानं उलटणं थांबवलं.

"परत लाव," ती मुलाला म्हणाली.

त्याने पुन्हा लावलं, पहिल्यापासून. तिला पहिल्यापासून नको होतं. त्याला ते शेवटचं शोधताना वेळ लागला, बोटं चुकत होती. पुन्हा नाव आलं. तिने डोळे मिटून ऐकलं, मग डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं.

"ह्या आपल्या शीडीत का नाय रे?"

मला हेच हवं होतं. मी आठवडे याचीच वाट पाहिली होती. त्याची मान खाली गेली, आणि मी ती नीट पाहिली, एकही क्षण न सोडता.

"तीन कडवी झाल्यावर मी पुढं ऐकलंच नव्हतं," तो म्हणाला. "जाहिरात टाकायची होती."

त्याची आई आत्याचा हात धरून मागच्या खोलीत गेली, चहा ठेवायला. मी काउंटरपाशी उभी राहिले. तो माझ्याकडे बघेना. शेवटी आधार कार्डवाल्यांपैकी एक म्हणाला, "भाऊ, आमचं होईल काय आज?" आणि त्याने लॅमिनेशनचं यंत्र सुरू केलं.

चार दिवसांनी माझा पहिला व्हिडिओ परत दिसू लागला. माफीचा शब्द आला नाही, आजवर नाही. त्याच्या चॅनेलवरचं जुनं गाणं गेलं, त्या जागी आमचं घमेल्यावरचं आलं, चारही कडव्यांसह. खाली आत्याचं नाव आहे. 'पारंपरिक' हा शब्द नाही. आत्याला मी ते वाचून दाखवलं तेव्हा तिने नाव पुन्हा वाचायला लावलं, आणि घरात नाव ऐकायची तिला सवय नसल्यामुळे ती जरा लाजली. या पालखीला रिक्षावर तेच वाजलं. नाक्यावर उभी राहून मी शेवटापर्यंत ऐकलं.

मी अजून आठवड्यातून एकदा त्याचा चॅनेल उघडते आणि चौथं कडवं आहे ना ते तपासते. आत्या म्हणते, आता पुरे कर. मी करत नाही. ते पाचशे कागद माझ्या कपाटात, कपड्यांखाली, दोरीने बांधलेले आहेत. मथळा तसाच आहे. आमच्या घरात पत्रक फाडत नाहीत.